बारेतेरोचा चेहरा

मी बायकांची नखं रंगवते. पाचुका ह्या खाणींच्या शहरात, डोंगरावरच्या वस्तीत, पायऱ्यांच्या तिसऱ्या वळणावर आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत खिडकीजवळ माझं टेबल आहे. गिऱ्हाईक नसलं की त्याच टेबलावर मी बाहुले रंगवते. आई त्यांना बाहुले म्हणते म्हणून मीही म्हणते. असे बाहुले जमवणाऱ्यांसमोर मात्र फिगर म्हणावं लागतं, नाहीतर त्यांना राग येतो.

हा नाद मला एका गिऱ्हाइकामुळे लागला. तिने नवऱ्याचा जुना पैलवान आणला होता, वीतभर प्लास्टिकचा. मुखवट्यावरचा रंग उडाला म्हणून तो पन्नाशीचा बाप्या दोन दिवस धड जेवला नव्हता म्हणे. मी नखांच्याच रंगाने तासाभरात तो नवा करून दिला आणि आठवड्याभरात तो गुळासारखा चिकट झाला. मी तो परत मागवला, सगळा पुसला आणि मग एकेक गोष्ट शिकत गेले. गरम पाण्यात बुडवला की बाहुल्याचे हातपाय मऊ होऊन खांद्यातून निघतात. जुना रंग स्पिरिटने काढायचा, अ‍ॅसिटोन लावलं तर नाकडोळे विरघळून जातात. साच्याची शिवण पॉलिश पेपरने घासायची, अस्तराचा एक हात द्यायचा, मग पातळ रंगाचे हात एकावर एक, मध्ये नीट वाळू देत. डोळे सगळ्यात शेवटी, श्वास रोखून. नखं घासायची माझी छोटी मशीन होती, तिने दंडावरच्या शिरा कोरता येतात हे मी स्वतःच शोधून काढलं. तीन-चार वर्षांत माझं नाव झालं. राजधानीतूनसुद्धा लोक खोके पाठवू लागले. तेन्चाच्या हातचा बाहुला, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं. ही आवडच पुढे नडली.

चेमो माझा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. खरं नाव अन्सेल्मो, पण बाप्तिस्म्याच्या दाखल्याबाहेर ते नाव कोणी वापरलं नाही. तो गॅसच्या ट्रकवर होता. आमच्या वस्तीत ट्रक चढत नाही. तो खालच्या रस्त्यावर उभा राहतो आणि सिलिंडर मानेवर घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात. चेमो ते धूड घेऊन शीळ घालत चढायचा. आणि रविवारी, बाजारामागच्या छोट्या आखाड्यात, तोच माणूस बारेतेरो असायचा.

बारेतेरो म्हणजे खाणीत पहारीने खडक फोडणारा. आमचे आजोबा तेच करत. मुखवटा दगडी करडा, त्यावर चांदीच्या शिरा, कपाळावर दिव्याचं पिवळं वर्तुळ. आईने शिवलेला. चौदा वर्षांत चेमोने तो लोकांसमोर एकदाही काढला नाही. आखाड्याच्या मागच्या दाराने मुखवट्यासकट टॅक्सीत बसायचा आणि लांब कुठेतरी उतरून साधा माणूस होऊन घरी यायचा. आई मुखवटा धुऊन गच्चीवर नाही, स्वयंपाकघरात वाळत घालायची. वस्तीत पाच-पन्नास जणांना ठाऊक असणारच, एवढी जाड मान आणखी कोणाची असणार? पण कोणी बोलत नसे. सोमवारी तो लंगडत सिलिंडर घेऊन आला की शेजारची दोन्या एदुविहेस म्हणायची की हल्ली पायऱ्या फार निसरड्या झाल्यात बाबा, आणि त्याच्या हातावर एक उकडलेलं अंडं ठेवायची.

मुखवटा जायचाच तर कुस्तीत जावा, असा तिथला नियम. दोन मुखवटेवाले लढतात, जो हरतो तो भर मैदानात मुखवटा उतरवतो आणि आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, धंदा सांगतो. पैलवानाच्या आयुष्यात हा दिवस एकदाच येतो. बऱ्याच जणांच्या आयुष्यात येतच नाही.

चेमोचा आला. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता, उजवा गुडघा कामातून गेलेला. ज्यांनी त्याला पहिल्यापासून शिकवलं ते वस्ताद एरास्तो वर्षभर खेटे घालत होते, शेवटी त्यांनी जमवलं. ऑक्टोबरच्या जत्रेत, मोठ्या मैदानात, सेनिसाशी, मुखवट्याला मुखवटा. सेनिसा मोठा पैलवान, राखेच्या रंगाचा मुखवटा घालायचा. त्याचे बाहुले प्रत्येक फुटपाथवर मिळायचे. चेमो जूनमध्ये एका रविवारी सकाळी ही बातमी घेऊन आला. आई पास्त्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या भाजक्या करंज्यांचं, पीठ मळत होती. तिने विचारलं, हरलास तर रे?

"हरलो तर आणखी बरं," तो म्हणाला. "आठ हजार माणूस उभं राहून माझं नाव ऐकेल. अन्सेल्मो कोण आहे, कोणाला माहीत आहे का आई? तेव्हा कळेल."

आईने पिठाच्या हातानेच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मी मनाशी ठरवलं, जत्रेच्या दिवशी ह्याला ह्याचाच बाहुला द्यायचा. आजवर कुठल्या कारखान्याने बारेतेरो काढला नव्हता आणि पुढेही काढणार नव्हता. बहीण कशाला मग?

तीन महिने लागले. बाजारातला एक स्वस्त पैलवान घेतला, त्याचे हातपाय काढले, उंची थोडी कमी केली, कारण चेमो बुटका आहे. दोन भागांची पुटी मळून त्याचं सुटलेलं पोट लावलं, ती बैलासारखी मान लावली. उजव्या गुडघ्याला पट्टा केला. मुखवटा मात्र रंगवायचा नाही, खरा शिवायचा असं मी ठरवलं. आईच्या डब्यातलं उरलेलं करडं कापड घेऊन मी नखाएवढे तुकडे कापले आणि तो मुखवटा शिवला, मागे बारीक दोरीसुद्धा ओवली. आता कापडी मुखवट्याला खाली डोकं हवं. तिथे मी एक गुळगुळीत गोळा ठेवला असता तर काम भागलं असतं. आधी तसाच ठेवला होता. पण मुखवटा नाकापाशी नीट बसेना म्हणून नाक काढलं, मग नाकाच्या मानाने गाल काढले, आणि एकदा गाल आले म्हटल्यावर मला थांबवेना. एका दुपारी बघते तर टेबलावरून चेमो माझ्याकडे बघत होता. डावीकडे झुकलेलं नाक, भुवईतली ती टाके घातलेली चीर, कांजिण्यांचा वण, सगळं जिथल्या तिथे. आयुष्यात त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. आजही मी तेच म्हणेन.

आईने पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. बराच वेळ हातात धरून होती. मग तिने स्वतःच मुखवटा वरून चढवला, दोरी बांधली आणि मला बजावलं की हे असंच राहू दे.

ऑगस्टच्या शेवटी चेमोने तो टेबलावर पाहिला. मला लपवायला वेळ मिळाला नाही. तो तळहातावर घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. स्वतःचं पोट बघून म्हणाला की एवढं तरी सुटलं नाहीये. मग त्याने बोटाने मुखवट्याची कड चाचपली आणि विचारलं, हा निघतो का?

"नाही," मी म्हटलं. "चिकटवलाय."

का खोटं बोलले? मला वाटलं होतं, जत्रेनंतर दाखवू. हरला तर सगळ्यांना दाखवू, जिंकला तर फक्त त्याला. खरं म्हणजे तो रागावेल ह्याची मला भीती होती, आणि तो रागावला असता तर ते डोकं मला मोडावं लागलं असतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी इथल्याच एका शाळेच्या सभागृहात जमवणाऱ्यांचा मेळा होता. घरी बनवलेल्या फिगरची स्पर्धाही होती. मी चेमोला विचारलं, नेऊ का? तो म्हणाला, ने की, कळू दे लोकांना. त्याने परवानगी दिली होती ती मुखवटा घातलेल्या बाहुल्याला, हे मला पुरतं ठाऊक होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर राजधानीचा एक माणूस होता, लिसांद्रो नावाचा. फवाऱ्याने रंगवलेला त्याचा योद्धा असा चकचकीत की डोळे दिपावेत, आणि त्याच्या पापण्या हलत होत्या. परीक्षक म्हणजे एक पांढऱ्या दाढीचे दुकानदार. त्यांनी माझा बारेतेरो फिरवून फिरवून पाहिला, शिवणीचं कौतुक केलं, गुडघ्याच्या पट्ट्याला हसले. मग म्हणाले की अंग उत्तम आहे, पण डोकं बाजारातल्यासारखंच, ठोकळा दिसतोय. लिसांद्रो बाजूने म्हणाला, बाईंनी पॉलिश छान लावलंय, दोन्ही हातांची नखं रंगवायचे किती घेता? चार माणसं हसली.

मी दोरी सोडली आणि मुखवटा काढला.

हसणं थांबलं. परीक्षकांनी चष्मा वर करून डोकं डोळ्यांजवळ नेलं. लोक टेबलाभोवती जमले. कोणीतरी म्हणालं की हे तर माणसाचं कातडं वाटतंय. फोन वर झाले. मी अडवलं नाही. मग त्यांतल्या एकाने, फोन माझ्याकडे धरूनच, विचारलं की हा चेहरा मनचा आहे की बारेतेरोचा खराखुरा.

"एकोणचाळीस वर्षं बघतेय हा चेहरा," मी म्हटलं. "माझा सख्खा भाऊ आहे."

पहिलं बक्षीस मला मिळालं, रंग फवारायचं यंत्र. ते बगलेत मारून मी पायऱ्या चढले तेव्हा मला कुठेही काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. हे सांगायला लाज वाटते, पण मी खूश होते. बाहुल्याला मुखवटा पुन्हा नीट घातला आणि फडताळात ठेवला, जणू तेवढ्याने झालं.

सोमवारी चेमोच्या फेरीवर, खालच्या वस्तीतल्या एका बाईने दार उघडलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं आणि हाक मारून घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. पुढच्या घरी तेच. दुपारपर्यंत लोक गच्चीवरून ओरडत होते, बारेतेरो, एक सिलिंडर वर टाक. त्याला काही कळेना. ट्रकच्या ड्रायव्हरने त्याला तो फोटो दाखवला. खाली माझं नाव होतं, माझं वाक्य होतं आणि माझा हसरा चेहरा होता.

मंगळवारी वस्ताद एरास्तो आमच्या घरी आले. सत्तरीचा माणूस, एवढ्या पायऱ्या चढून धापा टाकत होता. त्यांनी पाणीही घेतलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की सेनिसाच्या माणसांनी कुस्ती नाकारली. त्यांचं म्हणणं, आमचा पैलवान मुखवटा पणाला लावणार आणि समोरचा काय लावणार, फडकं? कुस्त्या भरवणाऱ्याने चेमोचं नाव फलकावरून काढलं आणि शेजारच्या तुलान्सिंगो गावच्या एका मुखवटेवाल्याला घेतलं. वस्ताद जाताना दारात थांबले आणि मला म्हणाले की पोरी, तुझ्या हातात कला आहे, तोंडाला मात्र कडी नाही.

चेमो संध्याकाळी आला. आई आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तो माझ्या टेबलासमोर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला. मला वाटलं होतं तो आदळआपट करेल. त्याने फक्त विचारलं, "चिकटवलाय म्हणाली होतीस ना?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. रडले असेन. त्या माणसाने नखांवरून टोमणा मारला, हे मी सांगितलं, ते मात्र आठवतंय, कारण तेव्हा चेमोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"चौदा वर्षं मी पाठीवर पडतोय, तेन्चा," तो म्हणाला. "हा चेहरा कोणीतरी माझ्याकडून जिंकून घ्यायचा होता. तू तो फुकट देऊन टाकलास."

मग तो उठून गेला.

मी जे करता येईल ते केलं. मेळा भरवणाऱ्यांना यंत्र परत केलं आणि फोटो काढून टाकायला लावला, पण तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता. कुस्त्या भरवणाऱ्याच्या कचेरीत दोन तास बसले. त्याला सांगितलं की मी खोटं बोलले, तो चेहरा मनचा आहे, बारेतेरो माझा कोणी लागत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे बाई. मग तुमच्या त्या गॅसवाल्याला सांगा, नाक सरळ करून ये."

मग मला एक वेडी कल्पना सुचली. एक चेहरा खरा वाटतो कारण तो एकच आहे. दहा असले तर? मी नखांची सगळी कामं बंद ठेवली आणि आठवडाभर डोकीच करत बसले. टकला, मिशीवाला, पिंगट डोळ्यांचा, म्हातारा, एक तर चक्क दोन्या एदुविहेसच्या नवऱ्यासारखा झाला. सात डोकी. प्रत्येक डोकं त्याच बाहुल्यावर बसवून, मुखवटा हातात धरून मी फोटो काढले आणि सगळीकडे टाकले, की हाही बारेतेरो, हाही बारेतेरो, खरा कोण ओळखा. वाटलं, लोक गोंधळतील. पण लोकांना गंमत वाटली. त्यांनी आपापले फोटो पाठवायला सुरुवात केली, आमचंही डोकं लावा म्हणून. कोणीतरी कुत्र्याचा फोटो पाठवला. बारेतेरोचं नाव आता कुत्र्याच्या फोटोखाली फिरू लागलं.

गुरुवारी चेमो दारात आला. उंबरठ्याच्या आत आला नाही.

"पुरे कर आता," तो म्हणाला.

मी ती सातही डोकी कचऱ्यात टाकली. त्याने खरं डोकं मागितलं. मी फडताळातून बाहुला काढला, मुखवटा सोडला आणि डोकं मानेच्या खुंटीवरून उपसून त्याला दिलं. त्याने ते दारातल्या उजेडात धरलं. अंगठ्याने भुवईतली चीर चाचपली, मग स्वतःची भुवई चाचपली.

"नाक अगदी बरोबर आलंय," तो म्हणाला आणि डोकं शर्टाच्या खिशात टाकून निघून गेला. त्याचं पुढे काय केलं ते मी विचारलेलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, बाजारामागच्या आखाड्यात त्याने मुखवटा आपल्या हाताने उतरवला. वस्तादांना ते पटलं नव्हतं. आई गेली नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. दीडेकशे माणसं असतील, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. पहिल्या कुस्तीच्या आधीच तो आत चढला, दोरी सोडली आणि मुखवटा घडी करून वस्तादांच्या हातात दिला. माईक खरखरत होता. तो म्हणाला, माझं नाव अन्सेल्मो, मी इथलाच, मी गॅस पोहोचवतो. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी ओरडलं की माझ्याकडे सकाळपासून संपलाय, आणि हशा पिकला. चेमोही थोडा हसला. हसला नसता तर बरं झालं असतं. त्यानंतर तो तीन रविवार उघड्या तोंडाने लढला आणि चौथ्या रविवारी गेलाच नाही. गुडघ्याचं निमित्त होतं.

तो घरी येत होता, पण आईकडे. मी टेबलाशी असले की मागच्या दाराने जायचा. सिलिंडर आणला की चुलीपाशी ठेवायचा आणि आईशी दोन शब्द बोलायचा. मी पुढे आले तर मान हलवायचा, पायऱ्यांवर भेटलेल्या अनोळखी माणसाला हलवतात तशी.

ऑक्टोबरात जत्रा आली. ती कुस्ती मी बघायला का गेले, मलाच सांगता येणार नाही. मैदान खचाखच भरलं होतं. सेनिसा आणि तो तुलान्सिंगोचा पैलवान तासभर लढले. दोघांचेही मुखवटे फाटले होते, एकाच्या डोळ्यावर रक्त आलं होतं. शेवटी सेनिसा हरला. एवढा मोठा पैलवान, ज्याचे बाहुले मी कितीदा रंगवले होते, तो मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर बसला. त्याच्या मुलीने येऊन त्याच्या मुखवट्याची दोरी सोडली. आत एक साधा, टक्कल पडू लागलेला, घाबरलेला माणूस होता. त्याने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, लहानपणापासून बेकरीत काम करतो म्हणून सांगितलं, आणि त्याचा आवाज फुटला. आठ हजार माणसं उभी राहिली. लोकांनी मैदानात नाणी फेकली, टोप्या फेकल्या, बायका रडत होत्या. ज्यांनी तासभर त्याला शिव्या घातल्या होत्या तेच त्याचं नाव घेत होते, खरं नाव, एका सुरात. पंचाने हात वर केला तरी ते थांबेनात.

तोवर मला वाटत होतं, मी चेमोची एक कुस्ती घालवली. जिंकला असता, हरला असता, काय ते झालं असतं. मैदानात उभं राहिल्यावर मला कळलं की मी काय घालवलंय.

आणि मग तो दिसला. माझ्या पुढे पाच-सहा रांगा सोडून, एकटाच, कामाच्या शर्टात. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता. सगळे खाली बसले तरी तो वाजवतच होता. मी त्याला हाक मारली नाही. गर्दीत वाट काढत मी आधी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने गॅस मागवला होता. ती दवाखान्यात गेली होती, घरी मी एकटीच. चेमो सिलिंडर घेऊन आला, मागच्या दाराशी थबकला, मग आत येऊन त्याने तो चुलीला जोडला. नळीवर साबणाचं पाणी लावून गळत नाही ना ते पाहिलं. माझ्याकडे पाठ करूनच त्याने विचारलं, "काल आली होतीस?"

मी हो म्हटलं.

"चांगला हरला तो," चेमो म्हणाला.

मी म्हणायला गेले, चेमो, तूसुद्धा तिथे असाच... त्याने पुढच्या शब्दाची वाट पाहिली नाही. हात पुसले, रिकामा सिलिंडर कुठे आहे ते विचारलं, आणि मी अंगणातून ओढत आणल्यावर तो एका हाताने उचलून चेमो पायऱ्या उतरू लागला.